कार्व्हरांचा जॉर्ज आणि जंबेरीवरची मोसंबी

मैत्रिणींनो, जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर हे नाव मराठी घरांना नवं नाही. वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ १९८१ साली आलं आणि तेव्हापासून कुणी ते वाचनालयातून आणलं, कुणाला ते शाळेत बक्षीस मिळालं. शेंगदाण्याचे नाना पदार्थ करून दाखवणारा, गुलामगिरीत जन्मलेला शास्त्रज्ञ, एवढी ओळख बहुतेकींना असतेच. पण हा माणूस कलमं बांधण्यातही तरबेज होता, हे फारसं कुणाच्या लक्षात राहत नाही. आज मला त्यांचं आयुष्य त्याच बाजूनं सांगायचं आहे.

त्याला कारण आमचं गाव. अंतरवाली सराटी, तालुका अंबड, जिल्हा जालना. २०२३ साली इथल्या उपोषणामुळे गावाचं नाव देशभर झालं. पण आम्हा बायकांचा दिवस त्याआधीही शेतात उगवत होता आणि आजही तिथेच मावळतो. जालना जिल्हा म्हणजे मोसंबीचा जिल्हा. ‘जालना मोसंबी’ला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. आणि मोसंबीची बाग म्हणजे सगळी कलमांचीच. खाली खुंट जंबेरीचा नाहीतर रंगपूर लिंबाचा, वर डोळा मोसंबीचा.

आमच्या बचत गटात यावरून हमखास वाद होतो. जंबेरी एवढी आंबट, काटेरी. तिच्या मुळांवर वाढलेली मोसंबी गोड कशी? आणि आज गोड आहे, पण उद्या जंबेरीचा गुण तिच्यात उतरला तर? खुंटामुळे झाडाचं मूळ वाण बदलतं का? वाद रंगला की एखादी हळूच माणसांवर येते. आमच्या गटातल्या एका बाईनं मूल दत्तक घेतलं आहे. लेकरू गोड आहे, पण येणारीजाणारी विचारल्याशिवाय राहत नाही की, कुणाचं आहे, कोणत्या रक्ताचं आहे, मोठं झाल्यावर मूळ वळणावर जाणार नाही ना? ती माउली काही बोलत नाही. नुसती खाली बघून शेंगा फोडत राहते. म्हणूनच मला कार्व्हर आठवले. कारण ते स्वतःच दुसऱ्याच्या घरात वाढलेलं रोप होते.

अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात, डायमंड नावाच्या गावाजवळ मोझेस आणि सुझन कार्व्हर हे शेतकरी जोडपं राहत होतं. मेरी ही त्यांची गुलाम. तिच्या पोटी साधारण १८६४ च्या सुमारास जॉर्ज जन्मला. नक्की तारीख कुणी लिहूनच ठेवली नाही. गुलामाच्या लेकराची तारीख कोण लिहितो! तान्हा असतानाच दरोडेखोरांनी त्याला आईसकट पळवून नेलं. मोझेसनं माणूस पाठवला. पोर परत मिळालं, आई मात्र पुन्हा कधीच दिसली नाही. त्या बदल्यात मोझेसनं एक घोडा दिला, असं सांगतात.

गुलामगिरी संपली तरी जॉर्ज आणि त्याचा मोठा भाऊ जिम त्याच घरात राहिले. जॉर्जला डांग्या खोकला झालेला, जीव तोळामासा. शेतातलं जड काम त्याला झेपेना. म्हणून सुझनबाईनं त्याला घरात स्वतःच्या हाताखाली घेतलं. स्वयंपाक, धुणं, शिवण, विणकाम, भरतकाम सगळं शिकवलं. आपल्याकडे मुलग्याला चूल दाखवली की लोक हसतात. पण या मुलाचं पुढचं शिक्षण त्याच हातांच्या जोरावर झालं, बरं का! उरलेला वेळ तो रानात काढायचा. कोमेजलेलं रोप आणून जगवायचा. एवढुसा पोरगा, पण आजूबाजूचे लोक आपली आजारी झाडं त्याला दाखवायला लागले. झाडांचा डॉक्टर असं नावच पडलं त्याचं.

गावातल्या शाळेत काळ्या मुलांना प्रवेश नव्हता. अकरा-बारा वर्षांचा असताना तो आठ-दहा मैल चालत निओशो गावी गेला. तिथे मारिया वॉटकिन्स नावाच्या बाईनं त्याला आसरा दिला. ही मारिया सुईण होती आणि लोकांचे कपडेही धुवायची. तोवर सगळे त्याला ‘कार्व्हरांचा जॉर्ज’ म्हणायचे. म्हणजे अमक्याच्या मालकीचा. मारियानं ते मोडून काढलं. आजपासून स्वतःला जॉर्ज कार्व्हर म्हणवून घ्यायचं, असं तिनं बजावलं. एका परटिणीनं त्या पोराला स्वतःचं नाव दिलं!

पुढे कितीतरी वर्षं तो गावोगाव फिरला. लोकांची धुणी धुतली, इस्त्री केली, स्वयंपाक केला आणि शाळा शिकला. एका कॉलेजनं प्रवेश दिला आणि प्रत्यक्ष हा काळा मुलगा दारात उभा राहिलेला पाहून नाकारला. तरी खचला नाही. १८९० मध्ये आयोवा राज्यातल्या सिम्प्सन कॉलेजात दाखल झाला, तो चित्रकला शिकायला. तिथे एटा बड या चित्रकलेच्या शिक्षिका होत्या. हा मुलगा फुलं काढतो, पण त्याला फुलांची आतली माहिती चित्रकारापेक्षा शेतकऱ्यासारखी आहे, हे त्यांच्या नजरेनं हेरलं. त्यांचे वडील आयोवाच्या कृषी महाविद्यालयात फळबागांचे प्राध्यापक होते. एटाबाईंनीच त्याला तिकडे जायला लावलं. १८९१ साली एम्सच्या त्या महाविद्यालयात कार्व्हर गेले, तिथले पहिले काळे विद्यार्थी म्हणून.

सुझन, मारिया, एटा. तीन बायका, तीन ठिकाणची मुळं. प्रत्येकीनं आपला रस या रोपाला दिला. रोप मात्र आपलीच फुलं घेऊन फुललं.

एम्सला कार्व्हरांनी जे मन लावून केलं ते दोन प्रकारचं. एक, कलमं बांधणं. निवडुंगाच्या कलमांवर त्यांनी विद्यार्थी असतानाच लेख लिहिला. आणि दुसरं, संकर करणं. लिलीसारख्या दिसणाऱ्या अमॅरिलिसच्या दोन जातींचे पराग एकमेकींवर घालून नवी फुलं मिळवणं. १८९४ साली पदवीसाठी त्यांनी जो प्रबंध लिहिला, त्याचा विषयच होता, माणसाने वनस्पतींमध्ये घडवलेले बदल.

आता ही दोन कामं वरून सारखी वाटतात. दोन झाडं घ्यायची, एकत्र आणायची. पण आतून त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि आमच्या गटाच्या वादाचं उत्तर तिथेच आहे.

मोसंबीचं कलम कसं होतं बघा. जंबेरीचं किंवा रंगपूर लिंबाचं बी पेरून रोप करतात. ते पेन्सिलीएवढं जाड झालं की जमिनीपासून वीतभर उंचीवर सालीला इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखी चीर देतात. चांगल्या मोसंबीच्या काडीवरचा एक डोळा थोड्या सालीसकट काढतात, त्या चिरेत सरकवतात आणि प्लास्टिकच्या पट्टीनं बांधतात. यालाच आपण डोळा भरणं म्हणतो. साल आणि लाकूड यांच्यामध्ये एक ओला, बुळबुळीत थर असतो. झाडाची जाडी वाढते ती या थरामुळे. दोघांचे हे थर एकमेकांना भिडले की जखमेच्या जागी आधी नव्या पेशींची गाठ तयार होते. मग त्या गाठीतून पाणी वर नेणाऱ्या आणि अन्न खाली आणणाऱ्या नळ्या जोडल्या जातात. दोन-तीन आठवड्यांत डोळा हिरवा राहिला तर कलम लागलं. मग वरचा खुंट छाटायचा. डोळा फुटतो आणि त्याचीच पुढे अख्खी मोसंबी होते.

हे जमतं ते नात्यातल्या झाडांतच. आंब्यावर मोसंबी लागणार नाही. मोसंबी आणि जंबेरी दोघी लिंबाच्या कुळातल्या. इतकंच काय, आजच्या तपासणीत असं दिसलं आहे की मोसंबी ही मुळात पपनस आणि संत्र्याच्या जातीतलं फळ यांच्या संकरातून आली आणि जंबेरी व रंगपूर लिंबू ही महाळुंग आणि संत्र्याच्या जातीतलं फळ यांच्या संकरातून. म्हणजे एका बाजूनं दोघींचं आजोळ एकच!

पण जोड कितीही घट्ट असो, पेशी आपापल्याच राहतात. जोडाच्या खालची प्रत्येक पेशी जंबेरीची, वरची प्रत्येक पेशी मोसंबीची. खालून पाणी आणि क्षार वर जातात, वरून साखर खाली येते. झाडाची जात ठरवणारी जी लिखापढी प्रत्येक पेशीत असते, ज्याला आपण गुणसूत्रं म्हणतो, ती अदलाबदल होत नाही. संकरात मात्र पराग आणि बीजांड एकत्र येतात, दोघांची अर्धी-अर्धी लिखापढी घेऊन नवा जीव तयार होतो. थोडक्यात सांगायचं तर, संकर म्हणजे नवीन बाळ आणि कलम म्हणजे एकत्र कुटुंब. चूल एक, ताटं वेगळी.

याचा पुरावा आपल्याच बागेत आहे. जंबेरीवर बांधलेल्या मोसंबीच्या फळातलं बी लावून बघा. मोसंबीच उगवते. जात बदलली असती, तर त्या बीतून कधीतरी जंबेरी डोकावली असतीच की!

कार्व्हर प्रबंध लिहीत होते तेव्हा यातलं बरंचसं कुणालाच स्पष्ट नव्हतं. मेंडेल या धर्मगुरूचा वाटाण्यावरचा अभ्यास १८६६ मध्ये छापला गेला, पण तो धूळ खात पडला होता. लोकांना तो पुन्हा सापडला १९०० साली. ‘जीन’ हा शब्द १९०९ चा. पण कार्व्हरांच्या हातानं फरक ओळखला होता. चांगलं झाड जसंच्या तसं टिकवायचं तर ते कलमाकडे वळत आणि नवं काही मिळवायचं तर संकराकडे.

मग प्रश्न येतो की, खुंटाचा काहीच परिणाम होत नाही का? होतो की. चांगलाच होतो! जंबेरीच्या खुंटावर झाड जोमदार वाढतं, फळ मोठं येतं, पण साल जाड आणि रस जरा पाणचट असतो. मूळकूज आणि डिंक्याही जंबेरीला लवकर गाठतात. रंगपूर लिंबाचा खुंट पाण्याचा ताण जास्त सोसतो. झाड किती उंच होणार, किती वर्षं जगणार, दुष्काळात तगणार की नाही, हे बरंचसं मुळं ठरवतात. रोगसुद्धा जोडातून जातो. ज्या झाडाची डोळकाडी आणली ते ट्रिस्टेझा या विषाणूनं पछाडलेलं असेल, तर तो विषाणू नव्या कलमात येणारच. म्हणून मातृवृक्ष निरोगी हवा. सांगायचं काय, खुंट मोसंबीचं नशीब बदलू शकतो, पण तिची जात बदलू शकत नाही.

आता आमच्या घरचं सांगते. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातल्या कितीतरी बागा वाळून गेल्या. आमचीही गेली. टँकरच्या पाण्यावर काही दिवस ओढली, मग सासऱ्यांनी डोळ्यांत पाणी आणून झाडं तोडायला सांगितली. काही वर्षांनी हिंमत करून पुन्हा लागवड केली. एका रोपवाटिकेतून कलमं आणली, अंगावरचं थोडंफार मोडून. पाचव्या वर्षी फळ धरलं आणि बघतो तर दहा-बारा झाडं लांब काट्यांची, फळं खडबडीत सालीची, आंबट ढाण. जाऊबाई म्हणाल्या, मोसंबी फिरली. दिरांनी तर सगळी ओळच उपटायची तयारी केली. काय सांगावं, ही फिरली तशी बाकीचीही फिरतील!

मी खोडाशी बसून माती उकरली. चांगल्या झाडांना जोडाची गाठ स्पष्ट दिसत होती. या झाडांचा जोड मातीत गाडला गेला होता. वरचा मोसंबीचा फुटवा केव्हाच मेलेला, त्याचं वाळकं बोटभर लाकूड उरलेलं. आणि त्याच्या खालून जंबेरीची फूट सरळ वर गेलेली. म्हणजे मोसंबी जंबेरी झाली नव्हती. मोसंबी मेली होती आणि तिच्या जागी जंबेरी उभी होती. जोमदार, हिरवीगार, म्हणून कुणाला शंका आली नाही. बाकीची ओळ वाचली. त्या दहा-बारा झाडांची वर्षं मात्र गेलीच. रोपवाटिकेकडे विचारलं तर त्यांनी हात वर केले.

ही वाण फिरण्याची समजूत फक्त आपल्याकडचीच आहे असं समजू नका. रशियात लिसेंको नावाच्या माणसानं असंच ठामपणे मांडलं की, कलमानं झाडाची आनुवंशिकता बदलते, पुढच्या पिढ्या बदलतात. सत्तेचा हात त्याच्या डोक्यावर होता. जगभरातून बियाणं गोळा करणारे मोठे शास्त्रज्ञ निकोलाय वाव्हिलोव्ह त्याच्या विरोधात उभे राहिले. त्यांना तुरुंगात टाकलं. २६ जानेवारी १९४३ रोजी ते सरातोव्हच्या तुरुंगात गेले. त्याच महिन्यात, ५ जानेवारीला, तिकडे अमेरिकेत कार्व्हरांनी डोळे मिटले. एकाला मानानं मूठमाती मिळाली, दुसरा उपासमारीत संपला. झाडाच्या जोडाचा प्रश्न माणसाच्या जिवावर बेतू शकतो, हे वाचून माझ्या अंगावर काटा आला होता.

अलीकडच्या संशोधनानं या गोष्टीला एक बारीकसा अपवाद जोडला आहे, तोही प्रामाणिकपणे सांगायला हवा. २००९ मध्ये जर्मनीतल्या शास्त्रज्ञांना तंबाखूच्या कलमांत असं दिसलं की अगदी जोडाच्या जागी, एकमेकांना चिकटलेल्या पेशींमध्ये, थोडीफार आनुवंशिक सामग्री इकडून तिकडे जाते. पण ती तिथेच राहते. वरच्या फांदीत, फुलात, बियात पसरत नाही. प्रयोगशाळेत त्या गाठीचा तुकडा घेऊन मुद्दाम रोप वाढवलं तरच ते पुढे येतं. आणि कधी कधी जोडाच्या गाठीतूनच फूट येते, तेव्हा दोन्ही झाडांच्या पेशी शेजारी शेजारी राहून विचित्र फळ लागतं. सतराव्या शतकात इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये अर्धं नारिंग, अर्धं महाळुंग असं फळ देणारं झाड सापडलं होतं. त्यातही प्रत्येक पेशी एकीची नाहीतर दुसरीची. आपल्या बागेतल्या रोजच्या फळाला यातलं काही होत नाही.

असो. कार्व्हरांकडे वळू. १८९६ साली पदव्युत्तर शिक्षण संपलं आणि बुकर टी. वॉशिंग्टन यांनी त्यांना अलाबामातल्या टस्कीगी संस्थेत बोलावलं. एम्सला मान होता, प्रयोगशाळा होती, फुलं होती. टस्कीगीला गेले तेव्हा तिथे धड उपकरणं नव्हती. उकिरड्यातल्या बाटल्या, डबे गोळा करून त्यांनी प्रयोगशाळा उभी केली. आजूबाजूचे शेतकरी काल-परवापर्यंत गुलाम असलेले. वर्षानुवर्षं कापूस घेऊन जमीन पार निस्तेज झालेली. आपल्या मराठवाड्यातल्या बायकांना हे वेगळं सांगायला नको! कार्व्हरांनी त्यांना कापसाबरोबर फेरपालटीला भुईमूग, चवळी, रताळी घ्यायला शिकवलं. शेंगा पिकल्या, पण खाणार कोण? मग त्यांनी १९१६ मध्ये पुस्तिका काढली, भुईमूग पिकवायचा कसा आणि त्याचे एकशे पाच पदार्थ करायचे कसे. लहानपणी सुझनबाईच्या चुलीपाशी शिकलेलं इथे कामी आलं. १९०६ पासून त्यांच्या योजनेतली फिरती शेतीशाळा घोड्यांच्या गाडीतून गावोगाव जायला लागली. शेतकरी शाळेत येऊ शकत नाही ना, मग शाळाच त्याच्या बांधावर.

म्हणजे एम्सला हाताला सवय झालेली कलमं मागे पडली आणि मोठं कलम झालं ते टस्कीगीला. थकलेल्या जमिनीवर, खचलेल्या माणसांवर. त्यांनी लग्न केलं नाही, संसार थाटला नाही. साठवलेले सुमारे साठ हजार डॉलर संशोधनासाठी दिले. आणि कधीच न आठवणाऱ्या आईचा चरखा मात्र शेवटपर्यंत जवळ ठेवला.

मला हे चरख्याचं फार लागून राहतं. ज्या घरानं वाढवलं त्याचं आडनाव त्यांनी आनंदानं लावलं, ज्या आईनं जन्म दिला तिचा चरखाही सोडला नाही. दोन्ही आपलीच मानली. लोक मात्र एकच निवडायला सांगतात.

माणूस म्हणजे झाड नव्हे, हे मला कळतं. माणसाला मन असतं, ते शिकतं, रडतं, निवडतं. म्हणून कलमाचा दाखला माणसाला एका मर्यादेपर्यंतच लावावा. पण तेवढ्यातही एक गोष्ट पक्की आहे. चांगली मुळं मिळाली की जीव तगतो, ताण सोसतो, फळाला येतो, आणि तरीही तो स्वतःसारखाच राहतो. त्यात भिण्यासारखं काय आहे? गेल्या महिन्यात गटात मी हे सगळं सांगितलं, तेव्हा ती शेंगा फोडणारी बाई पहिल्यांदाच मधे बोलली. सुझनबाईनं त्याला भरतकाम कोणत्या वयात शिकवलं, एवढंच विचारलं तिनं.

जाता जाता बागेपुरतं. कलम विकत घेताना जोड जमिनीपासून वीतभर वर आहे का ते हातानं चाचपून बघा. लावताना तो जोड मातीच्या वरच ठेवा. आळं करताना खोडाशी माती चढली तर ओढून काढा. जोडाच्या खालून आलेली प्रत्येक फूट कोवळी असतानाच बोटांनी मोडा, कात्रीची वाट बघू नका. आणि ‘न्यूसेलर’ मोसंबी घेताना नावाला घाबरू नका. लिंबाच्या कुळात एकाच बीतून दोन-तीन रोपं येताना तुम्ही पाहिली असतील. त्यातली बरीचशी परागाशिवाय, निव्वळ आईच्या पेशींपासून झालेली असतात, हुबेहूब आईसारखी. त्याच गुणावरून हे नाव आलं. आईची लेक आईसारखी, एवढाच त्याचा अर्थ!